टोचे मारलेले अकरा कागद

पेडण्याहून केरीला येताना एका वळणावर भलामोठा फलक लागतो. काळ्या रंगावर सोनेरी काहीतरी काढलेलं आहे. रोमन अक्षरं असावीत असा संशय येतो, कारण पहिल्याला पोट आहे आणि शेवटच्याची शेपटी मागे फिरून त्या पोटाला टेकली आहे. मध्ये दोन रेघा आणि एक टिंब. समुद्राजवळ घरं बांधून विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं ते नाव आहे म्हणे. जिथे काजूची झाडं होती तिथे आता ही कंपनी आहे, आणि तिचं नाव उच्चारता येईल असा एक माणूस आजूबाजूच्या गावांत नाही.

गेल्या आठवड्यात शाळेतून परतताना बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावरच्या दोन बायका यावरून हुज्जत घालत होत्या. एकीच्या मते ते 'बोलझ' होतं. दुसरी म्हणाली, "अगो, ता वाचूचा न्हय. ती नक्षी." कॉलेजातल्या एका मुलीने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि दोघींना तिसराच उच्चार सांगितला. तेवढ्यात कंडक्टरने टपावर थाप मारून विचारलं, "शेपटेर कोण उतारता काय?" आणि त्या दोघींतली एक निमूटपणे पिशवी उचलून दाराकडे गेली. थांब्याचं नाव शेपटी पडलं होतं, आणि ते उतरवणाऱ्याला आणि उतरणारीला दोघांनाही नीट कळत होतं.

बस हसली. मला हसू आलं नाही. त्याचं कारण माझे वडील आहेत, आणि त्यांच्या बाबतीत मी केलेली चूक.

बाबा डिचोलीत पेंटर होते. घरांना रंग देणारे नव्हेत, ट्रकांवर अक्षरं काढणारे. खनिज वाहणारे ट्रक चालू होते तेव्हा प्रत्येक ट्रकच्या दारावर तो ज्या कंपनीचा माल वाहतो तिचा मार्क असायचा. मार्क हातानेच काढायचा. कंपनीकडून एक चिठ्ठी यायची, तिच्यावर मार्क छापलेला असायचा. बाबा तो ब्राउन पेपरवर मोठा करून काढत, मग त्याच्या रेघांवर सुईने जवळजवळ टोचे मारत. तो कागद दारावर चिकटवला आणि फडक्यात बांधलेली कोळशाची पूड त्याच्यावर थापली की दारावर काळ्या ठिपक्यांत मार्क उमटायचा. मग ब्रश. एकदा टोचलेला कागद शेकडो ट्रकांना पुरायचा. कागद ते गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत आणि त्या ट्रंकेला आम्हा मुलांनी हात लावलेला त्यांना खपत नसे.

बाबा मराठी चौथी शिकलेले. रोमन अक्षरं त्यांना वाचता येत नसत. हे डिचोलीत कुणाला खरं वाटलं नसतं, कारण त्यांच्या हातचं रोमन अक्षर छापल्यासारखं असे. मी इंग्रजी शिकायला लागले तेव्हापासून चिठ्ठी आली की ते संध्याकाळी ती माझ्यापुढे धरत. "हें कितें बरयलां गो बाय?" काय लिहिलंय, असं. कंपन्यांचे मार्क म्हणजे एकेक कोडंच. दोन अक्षरं एकमेकांच्या पायात पाय घालून बसलेली, एक अक्षर दुसऱ्याच्या पोटात शिरलेलं. मी डोळे बारीक करून बघायची आणि ठणकावून सांगायची: एच आणि वाय. मग बाबा टोचलेला कागद उलटा करून मला म्हणत, हांगा बरय. मी पेन्सिलीने मागे लिहायची. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, नऊ वर्षांची. त्या वेळचा ताठा अजून माझ्या मानेत आहे.

त्यांच्या शेडवर मात्र मला कधी नेलं नाही. तिथे ड्रायव्हर, क्लीनर बसायचे, बिड्या ओढायचे, तोंडाला येईल ते बोलायचे. मुलीचं तिथे काय काम? त्यामुळे बाबा दिवसभर ज्या भाषेत बोलत ती मी कधी ऐकलीच नाही. घरी आल्यावर ते फारसं बोलत नसत. मला वाटायचं ते मुळातच अबोल आहेत.

पुढे मी शिक्षिका झाले, लग्न होऊन केरीला आले. खाणी बंद पडल्या. ट्रक रस्त्याकडेला उभे राहून गंजले. जे थोडे चालू राहिले त्यांना छापील स्टिकर लागले. बाबांनी काही दिवस दुकानांच्या पाट्या केल्या, मग तेही सरलं. आई गेली. आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी शेजारणीचा फोन आला की तुझे बाबा अंगणात पडले आहेत, तोंड वाकडं झालंय.

त्या झटक्यात उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. पाणी हवं का म्हटलं की पेला पुढे करत, नातू आला की डोळे हलत. शब्द तेवढा फुटत नव्हता. हात काही परत येणार नाही असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं. बोलणं येऊ शकेल, पण आत्ताच, पहिल्या वर्षभरात. न वापरलेले शब्द पुढे हाताला लागत नाहीत, असं म्हणाले. मी त्यांना केरीला घेऊन आले. नार्व्याच्या देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं की हात घेतलास तो घे, बाबांना बोलतं कर. दुसरं काही मागितलं नाही.

म्हापशाला एक तरुण मुलगी होती, झटका आलेल्यांना बोलायला शिकवणारी. तिने सांगितलं की त्यांच्या रोजच्या परिचयाच्या वस्तू दाखवा, चित्रं दाखवा, नाव विचारा. आणि म्हणाली, "टीचर, एक लक्षात ठेवा. चूक-बरोबर करू नका. जे बोलतील ते त्यांच्यासोबत बोला." मी मान हलवली. मनात म्हटलं, सत्तावीस वर्षं पोरांना शिकवते आहे, चूक दाखवल्याशिवाय कुणी शिकलेलं अजून बघितलं नाही.

परिचयाच्या वस्तू म्हटल्यावर मला ट्रंक आठवली. डिचोलीचं घर उघडून मी ती आणली. आत अकरा कागद शाबूत होते. खिडकीसमोर धरले की टोच्यांतून उजेड यायचा आणि मार्क उठून दिसायचा. मागे माझी पेन्सिलीतली अक्षरं. मला माझ्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं. प्रश्न बाबांचे, उत्तरं मागे आयती लिहिलेली.

पहिला कागद धरला. गोल, त्याच्यामधून एक आडवी रेघ. मी विचारलं, "बाबा, हें कितें?" ते बराच वेळ बघत राहिले. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. कपाळावर घाम आला. आणि चार महिन्यांनंतर त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला: "उंडो."

मी आनंदाने रडले. उंडो म्हणजे आमच्याकडचा गोल, कडक पाव, मध्ये चीर असलेला. बाबांना भूक लागली असणार. सायकलवरून हॉर्न वाजवत जाणाऱ्या पोदेराला मी धावत जाऊन गाठलं, दोन उंडे घेतले, चहा केला, बशी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बशी डाव्या हाताने बाजूला सारली. कागदाकडे बोट केलं. "उंडो." मी पाव कुस्करून भरवायला गेले तर तोंड फिरवलं, आणि मग रागाने बशीच ढकलून दिली. चहा चादरीवर सांडला. संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, डोक्यात शब्द आहेत, पण त्यांची सगळी सरमिसळ झाली आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घातली. डावीकडे कागदाचा क्रमांक, मध्ये बाबा काय म्हणाले ते, उजवीकडे लाल पेनाने खूण. एच-वायच्या कागदाला ते म्हणाले "आदोळी", म्हणजे विळी. फुली. दोन कमानी आणि खाली पायांसारख्या रेघा, त्याला "कुर्ली", म्हणजे खेकडा. फुली. दोन अक्षरं हातात हात घालून उभी होती त्याला "लगीन". फुली. एका वाकलेल्या अक्षराला "म्हातारी" म्हणाले आणि चक्क हसले, वाकड्या तोंडाने. मी हसले नाही. अभ्यासाच्या वेळेला मी हसत नाही. "न्हय बाबा. बरें पळयात. एस. म्हणा, एस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हातारी," पुन्हा म्हणाले, हळू. मी मान हलवली आणि फुली मारली. त्यांच्यासमोर मारली, कारण मुलाला आपली चूक दिसली पाहिजे अशी माझी पद्धत.

म्हापशाच्या त्या मुलीला वही दाखवली तर ती खूश झाली. शब्द इतके स्वच्छ येताहेत, दर वेळी त्याच चित्राला तोच शब्द येतोय, हे फार चांगलं आहे म्हणाली. फुल्या बघून मात्र तिने वही मिटली. "तुम्ही त्यांना विचारलंत का, ते असं का म्हणतात?" मी म्हटलं, ज्यांना बोलता येत नाही त्यांना विचारू काय? मला तिचा रागच आला. एवढीशी पोर, मला शिकवणार. शाळा, घर, बाबा, आणि म्हापशाला दोन बस बदलून जायचं. पुढे आमच्या फेऱ्या कमी झाल्या आणि मग थांबल्या. घरी घेते ना मी अभ्यास, असं मी सगळ्यांना सांगत होते.

रोज दुपारी शाळेतून आल्यावर अकरा कागद. रोज अकरा फुल्या. दीड-दोन महिन्यांनी बाबांचा वेग मंदावला. कागद धरला की ते आधी कागदाकडे बघत, मग माझ्या हातातल्या पेनाकडे, मग माझ्याकडे. तोंड उघडत आणि मिटत. मला वाटलं विचार करतात. एकदा त्यांनी 'कुर्ली' असं अर्ध्यावर आणलं, "कुर्..." आणि स्वतःच मान हलवून थांबले. मी म्हटलं, शाब्बास, चूक कळली ना? हे वाक्य मी उच्चारलेलं आहे.

त्यानंतर शब्द एकेक करून बंद झाले. आधी कागदांचे, मग बाकीचेही. मधल्या काळात त्यांना 'चा' म्हणता येऊ लागलं होतं, नातवाला 'बाबू' म्हणता येऊ लागलं होतं. तेही गेले. पेल्याकडे बोट दाखवू लागले. मी चिडले. दमले होते, आणि एवढ्या मेहनतीचं काही फळ दिसत नव्हतं. एके दिवशी स्वयंपाकघरातून नवऱ्याला मोठ्याने म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी आहे हे सगळं. बाबा बाहेरच्या खोलीत होते. ऐकू त्यांना चांगलं येतं.

गेल्या चतुर्थीनंतरची गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात सामान पोचवणारा टेम्पो आमच्या दारात थांबला आणि साठीचा एक माणूस उतरला. दोडामार्गचा. पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचा, आता टेम्पो. पेंटर केरीला लेकीकडे असतात असं डिचोलीच्या बाजारात कळलं म्हणून वाट वाकडी करून आला होता. येताना एक फणसपोळीची पुडी आणलेली. बाबांसमोर खाली बसला, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय पेंटरानू, वळाखलास मा माका?" बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंड हललं नाही.

मी चहा आणायला आत गेले. परत आले तर तो टीपॉयवरचे कागद चाळत होता. पहिलाच उचलला, खिडकीकडे धरला आणि म्हणाला, "अरे, उंडो! उंड्याच्या गाडयेर मी बारा वर्सां होतंय."

माझ्या हातात ट्रे होता. मी विचारलं, काय म्हणालात?

तो सांगत बसला. माल भरण्याच्या जागी ट्रकांची ही रांग लागायची. कंपनीचं नाव पुकारायचं तर अर्ध्यांना वाचता येत नसे, आणि ज्यांना येई ते दहा जण दहा तऱ्हांनी वाचत. त्यावरून नंबर चुके, मारामाऱ्या होत. म्हणून पुकारणारा ओरडायचा, उंडो फुडे. कुर्ली मागे घी. आदोळे, थांब. सगळी डिचोली असंच म्हणायची. कंपनीचं खरं नाव त्यालाही आजतागायत माहीत नव्हतं. "आणि ही नावां ठेवली कोणी? ह्येनीच. रंग सुकेपर्यंत आमी थयच बसलेले. पेंटर ब्रश खाली ठेवून एक नाव सांगत, ता सगळ्यांच्या तोंडार बसा. म्हातारी ह्येंचीच. काय हसलंव आमी तेव्हा."

मी वही आणली. का आणली माहीत नाही; खात्री करून घ्यायची खोड. एकेक कागद त्याच्यापुढे धरला आणि त्याने एकेक नाव सांगितलं. आदोळी. कुर्ली. लगीन. म्हातारी. अकरापैकी नऊ बाबांच्या उत्तरांशी जुळली. उरलेले दोन कागद त्याने कधी पाहिलेच नव्हते, सिमेंटवाल्यांचे असतील म्हणाला. वहीत त्या नऊ जागी महिनोन् महिने लाल फुल्या होत्या. ड्रायव्हरने त्या बघितल्या, त्याला काही कळलं नाही. "टीचरांनी पेपर तपासले वाटता," एवढंच म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

बाबा सबंध वेळ आमच्याकडे बघत होते.

मी नऊ वर्षांची असताना मला माहीत होतं की या माणसाला रोमन अक्षर म्हणजे चित्र आहे. घरात हे माहीत असलेली मी एकटी. मागची अक्षरं माझ्या हातची, आणि त्यावरून मी त्यांचं बोलणं तपासलं. नार्व्याच्या देवाने माझं गाऱ्हाणं ऐकलं होतं. बाबा पहिल्या दिवसापासून बोलत होते, स्वच्छ बोलत होते, आपल्या आयुष्यातली उत्तमातली उत्तम गोष्ट मला सांगत होते. दर वेळी मी त्यांना सांगितलं की नाही, हे चूक आहे. हे मी पुष्कळांना सांगून पाहिलं. नवरा म्हणतो, तुला कसं कळणार होतं? म्हापशाच्या मुलीला फोन केला, ती फक्त म्हणाली, घेऊन या त्यांना. तिच्या आवाजात आशा नव्हती. वर्ष उलटून गेलं होतं.

ड्रायव्हर गेला त्या दिवशी मी बाबांजवळ बसले. बैल गेल्यावर झोपा करायला निघाले होते, पण निघाले. वही फाडून चुलीत घातली, त्यांना दिसेल अशी. लाल पेन बाहेर फेकलं. रिकाम्या हातांनी पहिला कागद खिडकीशी धरला. टोच्यांतून उजेड आला, गोल आणि मधली चीर. मी म्हटलं, "बाबा, हो उंडो."

त्यांनी कागदाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. माझा हात रिकामा आहे का तेही बघितलं. मी पुन्हा म्हटलं, उंडो. तुमचो उंडो.

बाबांनी मान हलवली. नाही म्हणून. सावकाश, जराही न रागावता, अगदी मी हलवत असे तशी. मग डाव्या हाताने कागद माझ्याकडून घेतला, उलटा केला, आणि मागच्या पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवलं.